ब्रिटनच्या संसदेतल्या कमिट्या नेट झीरोवरून सरकारला खरंच धरतात का?

मिडलँड्सकर
नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणाऱ्यांपैकी कुणी पार्लमेंटचं कामकाज नियमित बघत असेल तर मदत हवीये. आमचं घर जुनं, भरीव विटांच्या भिंतींचं, मधे पोकळी नाही, त्यामुळे थंडीत गॅस कितीही जाळा घर तापत नाही. मागे सरकारी योजनेतून भिंतींना बाहेरून इन्सुलेशन बसवून मिळालं, तेही फुकट, आणि मनापासून आनंद झाला कारण नेट झीरो (२०५० पर्यंत देशाचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणणं) व्हायलाच हवं असं मानणाऱ्यांतला मी आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात आतून ओल आली, प्लास्टरचे पोपडे निघायला लागले, लेकीच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. बसवणारी कंपनी (नाव घेत नाही) आता फोनही उचलत नाही.

खासदारांना मेल केली. उत्तर आलं, सभ्य होतं, पण शेवटी त्यात एवढंच की हा विषय संसदेच्या एनर्जी सिलेक्ट कमिटीपुढे आणि पब्लिक अकाउंट्स कमिटीपुढे आहे आणि सरकार त्यांच्या शिफारशींचा विचार करतंय. आता याचा अर्थ मी काय घ्यायचा? हे टोलवणं आहे की या कमिट्यांच्या हातात खरंच काही असतं?

म्हणून मग बसून कॉमन्समधला एनर्जी खात्याचा प्रश्नोत्तराचा तास बघितला, तर एका बाजूचे लोक म्हणतात तुम्ही बिलं वाढवली, दुसऱ्या बाजूचे म्हणतात तुम्ही चौदा वर्षं काय केलं, आणि मंत्री उठून पुढच्या प्रश्नाकडे. कुणी विचारलं नाही की जे काम केलं ते नीट झालं का. एवढे अब्जावधी पौंड २०५० पर्यंत खर्च होणार, देशातलं प्रत्येक घर त्यात येणार, आणि त्यावर नजर ठेवायची पद्धत हीच असेल तर मला काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, मला वाचायला वेळ आहे.

वेस्टमिन्स्टर_वाचक
तुम्ही जे बघितलंत ते संसदेच्या कामाचं सगळ्यात दिसणारं पण सगळ्यात उथळ अंग आहे. प्रश्नोत्तरं साधारण पाचेक आठवड्यांतून एकदा येतात, प्रत्येकाला मिनिटभर मिळतं, त्यात खोलात जाताच येत नाही. खरं काम बघायचं तर कमिटीची बैठक बघा, तीही ऑनलाइन असते. अकरा खासदार घोड्याच्या नालेसारख्या टेबलाभोवती बसतात, समोर मंत्री किंवा ऑफगेमचे (वीज-गॅस बाजाराच्या सरकारी नियामकाचे) लोक किंवा एखाद्या वीज कंपनीचे प्रमुख, आणि दोन-दोन तास एकाच विषयावर प्रश्न. तिथे "मी आपल्याला लेखी कळवतो" असं म्हटलं की ते खरंच लेखी मागवलं जातं आणि वेबसाइटवर लागतं.

एनर्जी सिक्युरिटी अँड नेट झीरो हे खातं फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी तयार केलं, त्याच्यामागोमाग त्याच नावाची कमिटी आली. आधी अँगस मॅकनील अध्यक्ष होते, सप्टेंबर २०२४ पासून लेबरचे बिल एस्टरसन आहेत. आता कुणी म्हणेल सत्ताधारी पक्षाचाच अध्यक्ष आणि सदस्यही त्यांचेच जास्त, मग ते कसली तपासणी करणार. इथे २०१० चा बदल महत्त्वाचा आहे. त्याआधी कमिटीत कोण बसणार हे पक्षाचे व्हिप ठरवायचे, आता अध्यक्षाला सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं, त्यामुळे मंत्रिपदाच्या आशेवर नसलेला, आपल्या कामावर नाव कमवू बघणारा माणूस तिथे येऊ शकतो. हा फरक मी बैठका बघताना जाणवण्याइतका बघितलाय, स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला लेबरचे खासदार बिलांवरून आणि रेट्रोफिटवरून (जुन्या घरांत नंतर केलेल्या इन्सुलेशनसारख्या कामांवरून) नीट आडवं घेतात.

अधिकार म्हणाल तर माणसं बोलावणं, कागद मागवणं आणि अहवाल काढणं. अहवालाला सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावं असा संकेत आहे, बऱ्याचदा उशीर होतो. शिफारस मानायचं बंधन मात्र नाही. उदाहरण सांगतो, एन्व्हायर्नमेंटल ऑडिट कमिटी म्हणून अजून एक आहे, १९९७ पासूनची, ती कुठल्या एका खात्याला बांधलेली नाही. मार्च २०२१ मध्ये तिने घरांच्या इन्सुलेशनवर अहवाल दिला की ग्रीन होम्स ग्रँटमध्ये (घरांच्या इन्सुलेशनला सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेत) गोंधळ आहे पण ती दुरुस्त करा आणि पुढे चालू ठेवा. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने ती योजनाच बंद केली. तर तुमच्या खासदारांनी लिहिलेलं "विचार करतंय" हे वाक्य एवढ्याच वजनाचं धरा.

सात_समुद्र
मिडलँड्सकर, आमच्या रांगेत तीन घरांना हाच त्रास आहे. उत्तरं वाचतेय, कुणीतरी पुढे काय करायचं तेही लिहा प्लीज.

हिशेबतपासनीस
वेस्टमिन्स्टर_वाचक यांनी लिहिलंय ते सिलेक्ट कमिटीपुरतं बरोबर आहे पण माझ्या मते तुमच्या प्रकरणात दात असलेली कमिटी दुसरी आहे, पब्लिक अकाउंट्स कमिटी, म्हणजे लोकलेखा समिती. माझं अख्खं करियर सार्वजनिक हिशेब तपासण्यात गेलंय त्यामुळे इथे जरा विस्ताराने लिहितो.

ही १८६१ पासूनची, ग्लॅडस्टन यांच्या काळातली. अध्यक्ष नेहमी विरोधी पक्षाचा, सध्या कॉन्झर्व्हेटिव्हचे सर जेफ्री क्लिफ्टन-ब्राउन. ही कमिटी धोरण चांगलं की वाईट यात पडत नाही, पैसे दिले त्याचं काय झालं एवढंच विचारते आणि मुख्य म्हणजे मंत्र्याऐवजी खात्याच्या परमनंट सेक्रेटरीला (सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला) समोर बसवते, कारण पैशाला सहीने जबाबदार तो. तो राजकीय भाषण करू शकत नाही. आणि त्याच्यासमोर आधीच नॅशनल ऑडिट ऑफिसचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा) अहवाल ठेवलेला असतो, ज्यातले आकडे खात्याने स्वतः मान्य केलेले असतात, त्यामुळे आकडाच चुकीचा आहे म्हणून सुटता येत नाही. ही जोडी म्हणजे इथल्या संसदेची सगळ्यात मोठी ताकद आहे असं मला खरोखर वाटतं.

वर ग्रीन होम्स ग्रँटचा उल्लेख आलाय, त्याचा हिशेब याच वाटेने बाहेर आला. दीड अब्ज पौंड, सहा लाख घरं असं जाहीर केलं होतं, ती उभी करायला खात्याला बारा आठवडे दिले होते. सप्टेंबर २०२० ला सुरू, मार्च २०२१ ला बंद. शेवटी हिशेब लागला तो सुमारे ४७,५०० घरं आणि ३१.४ कोटी पौंड, त्यातले ५ कोटी नुसते प्रशासनावर, म्हणजे घरामागे हजार पौंडांवर फक्त कागदपत्रं हलवायला. घाईत योजना जाहीर करायची आणि काम करणारी प्रशिक्षित माणसं देशात आहेत का हे नंतर बघायचं, ही चूक तेव्हा लिहून ठेवली गेली.

आता तुमची योजना. तुमचं काम बहुतेक ईसीओ४ (वीज-गॅस कंपन्यांवर घरांना इन्सुलेशन वगैरे करून द्यायची सक्ती करणारी योजना) किंवा ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीममध्ये झालं असणार. ऑक्टोबर २०२५ चा नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल जरूर वाचा. बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठे दोष, म्हणजे २२ ते २३ हजार घरं. आतून केलेल्यांत २९ टक्के. हे वाचून मी सुन्न झालो होतो, शंभरातली दोनच घरं धड. कारणं पण दिलीत, ज्याने कंत्राट घेतलं त्याने पुढे पोटकंत्राट दिलं, त्याने अजून पुढे, प्रत्यक्ष भिंतीवर काम करणाऱ्याला पुरतं शिक्षण नाही, कुठल्या कामाला कुठलं स्टँडर्ड लागतं यात गोंधळ, काहींनी सरळ लबाडी केली. आणि देखरेख अशी विभागलेली की खातं, ऑफगेम, ट्रस्टमार्क (कामाच्या दर्जाची हमी देणारी संस्था), सर्टिफिकेशन कंपन्या, प्रत्येकाकडे थोडी थोडी जबाबदारी आणि पूर्ण चित्र कुणाकडेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ३९ कंपन्यांना निलंबित केलं तेव्हा कुठे बाहेर कळलं की काहीतरी मोठं आहे.

म्हणजे तुमचं दुखणं एकट्याचं नाही आणि हे सिद्ध करायची जबाबदारीही आता तुमच्यावर नाही, ते सरकारी ऑडिटने लिहून ठेवलंय. पत्रात हा अहवाल आणि ही टक्केवारी टाकली की समोरचा माणूस "एखादी घटना" म्हणून बोळवण करू शकत नाही. एवढ्यासाठी तरी या तपासणीचा उपयोग आहे.

अबर्डीनचा_इंजिनियर
मी नॉर्थ सीच्या तेल-वायू क्षेत्रात काम करतो, आता अर्धं काम ऑफशोअर विंडचं, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. हिशेबतपासनीस साहेब, तुमचा अहवाल मला पटतो पण तो केव्हा आला? भिंती खराब झाल्यावर. माझं म्हणणं असं की या देशाच्या संसदेने एनर्जीच्या बाबतीत निर्णय होण्याआधी तपासणी केलेली फार थोडी उदाहरणं आहेत.

२०१९ घ्या. २०५० पर्यंत उत्सर्जनात ८० टक्के कपातीचं उद्दिष्ट १०० टक्के करायचं, म्हणजे अख्खी अर्थव्यवस्था बदलायची. तेव्हाचे अर्थमंत्री हॅमंड यांच्या पत्रात एक ट्रिलियन पौंडांवर खर्चाचा आकडा, क्लायमेट चेंज कमिटीचा अंदाज २०५० मध्ये जीडीपीच्या १ ते २ टक्के. दोन्हीतलं कोण बरोबर यावर महिनाभर भांडायला हवं होतं. कॉमन्समध्ये २४ जून २०१९ ला साधारण दीड तास चर्चा झाली आणि मतदान न घेताच मंजूर. सुनक पंतप्रधान असताना सप्टेंबर २०२३ च्या भाषणात स्वतः म्हणाले की आधीच्या कार्बन बजेटवर (पाच वर्षांत देशाने किती उत्सर्जन करायचं याच्या मर्यादेवर) कॉमन्समध्ये फक्त १७ मिनिटं चर्चा झाली. त्यांचं पुढचं धोरण मला पटलं नाही पण ही तक्रार शंभर टक्के बरोबर होती.

दुसरं, पैसा कुठून येतो ते बघा. हिंकली पॉइंट सी या अणुवीज प्रकल्पाचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला, मेगावॅट-तासाला ९२.५० पौंड, २०१२ च्या किमतीत, ३५ वर्षं. नॅशनल ऑडिट ऑफिसने जून २०१७ मध्ये सांगितलं की ग्राहकांवर पडणाऱ्या टॉप-अपचा (ठरलेला दर आणि बाजारभाव यातल्या फरकाचा) अंदाज ६ अब्जांवरून ३० अब्जांवर गेलाय. तोवर सह्या होऊन नऊ महिने झालेले. हा पैसा टॅक्समधून येत नाही, बिलातून येतो, म्हणून दरवर्षी खात्यांच्या खर्चाला संसद मंजुरी देते त्यात तो नसतोच. तुमचं इन्सुलेशन पण फुकट नव्हतं हो, ईसीओचा पैसा देशातल्या प्रत्येकाच्या गॅस-विजेच्या बिलातून जायचा. कार्बन कॅप्चरला (कार्बन वायू पकडून जमिनीखाली साठवायला) २१.७ अब्ज पौंड, २५ वर्षांत, त्यातला तीन चतुर्थांश बिलावरच्या आकारातून येणार हे पण लोकलेखा समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. एकट्याने राहणारी म्हातारी बाई आणि मोठा बंगलेवाला दोघांच्या युनिटवर सारखाच आकार बसतो आणि त्यावर संसदेत कुणी मत देत नाही, हे मला लोकशाहीच्या दृष्टीने फार चुकीचं वाटतं.

कायदा_शिकतेय
अबर्डीनचा_इंजिनियर, २०१९ बद्दल सहमत, फक्त एक भर. तो बदल नवं विधेयक आणून नाही तर आदेशाने केला गेला, आणि अशा आदेशाला सभागृह फक्त हो किंवा नाही म्हणू शकतं, त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. नाही म्हणायची वेळ तर येतच नाही जवळजवळ, कॉमन्सने असा नियम रद्द केल्याचं शेवटचं उदाहरण १९७९ चं, तेही रॉकेलच्या कमाल किमतीवरचं. लॉर्ड्समध्ये २०१९ ला निदान खेदाची नोंद झाली की उद्दिष्ट कसं गाठणार याचा तपशील सरकारने फार कमी दिलाय.

पण त्यामुळे तपासणी होत नाही असं मी म्हणणार नाही, ती दुसऱ्या जागी होते. २००८ चा क्लायमेट चेंज अ‍ॅक्ट वाचून बघा, मूठभर सोडून सगळ्या खासदारांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्यात उद्दिष्टापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे तारखा आहेत. क्लायमेट चेंज कमिटी ही स्वतंत्र तज्ज्ञांची संस्था, खासदारांची नव्हे (नावामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो), तिने दरवर्षी ३० जूनपर्यंत संसदेला प्रगतीचा अहवाल द्यायचा आणि सरकारने १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यायचं. हा संकेत नाही, कायदा आहे. दर पाच वर्षांचं कार्बन बजेट बारा वर्षं आधी ठरवायचं, २०३८ ते ४२ च्या सातव्या बजेटची मुदत ३० जून २०२६. आणि कलम १३ म्हणतं की ते बजेट गाठायचे उपाय तयार ठेवा, कलम १४ म्हणतं ते उपाय संसदेपुढे मांडा.

या कलम १४ वरच सरकार दोनदा हरलं होतं... नाही, नीट सांगते, पहिल्यांदा १३ आणि १४ दोन्ही, दुसऱ्यांदा १३ वर. जुलै २०२२ मध्ये हायकोर्टात फ्रेंड्स ऑफ द अर्थ, क्लायंटअर्थ आणि गुड लॉ प्रोजेक्ट यांनी नेट झीरो स्ट्रॅटेजीला आव्हान दिलं तेव्हा सुनावणीतून बाहेर आलं की सहाव्या बजेटसाठी लागणाऱ्या कपातीपैकी मोजलेल्या उपायांनी ९५ टक्केच भरत होते, आणि उरलेल्या ५ टक्क्यांची गोष्ट संसदेपुढे ठेवलेल्या कागदात नव्हतीच. मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं कारण कोर्टाने सरकारला धोरण काय असावं हे सांगितलं नाही, तुम्ही संसदेला आणि लोकांना पुरेशी माहिती दिली नाहीत एवढं सांगितलं. सरकारने मार्च २०२३ मध्ये नवा प्लॅन आणला, तोही मे २०२४ मध्ये बेकायदेशीर ठरला, कारण मंत्र्यांना यातले कुठले उपाय फसू शकतात हे नीट न सांगता सगळं जमेलच असं धरलं गेलं होतं. मग परत लिहायला लागलं आणि नवा प्लॅन ऑक्टोबर २०२५ ला आला. सभागृहात दीड तासात जे झालं नाही ते या मार्गाने झालं, पण त्याला खासदारांनी २००८ मध्ये ती कलमं नीट लिहिलेली असणं गरजेचं होतं.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्या केमी बेडनॉक यांनी हा कायदाच रद्द करू असं जाहीर केलं तेव्हा मला जास्त काळजी उद्दिष्टापेक्षा या तारखांची वाटली. उद्दिष्ट कुठलंही सरकार बदलू शकतं, पण दरवर्षी १५ ऑक्टोबरला लेखी उत्तर द्यायची सक्ती गेली तर खासदारांच्या हातात विचारायला कागदच उरणार नाही.

अबर्डीनचा_इंजिनियर
तारखांचं पटलं. पण माझा मूळ मुद्दा तिथेच आहे, क्लायमेट चेंज कमिटी सांगते किती कार्बन कमी करा, कोर्ट सांगतं कागद पूर्ण करा, यात बिल कुणी भरायचं हा प्रश्न कुणाच्या टेबलावर येतो? माझ्यासोबतचे शेकडो लोक या बदलातून जातायत, काम बदलताना त्यांचे पगार काय होणार हेही कुठल्या कलमात नाही. नेट झीरो टिकायचं असेल तर हे प्रश्न उघडपणे विचारले गेले पाहिजेत, दाबून ठेवले तर लोक सगळंच नको म्हणतील.

हिशेबतपासनीस
बिलाच्या प्रश्नावर थोडी हालचाल झालीये बघा. क्लायमेट चेंज कमिटीच्या जून २०२५ च्या अहवालात उत्सर्जन १९९० च्या निम्म्याखाली आलं ही चांगली बातमी होती, पण पहिली शिफारस होती वीज स्वस्त करा, विजेच्या बिलावरचे धोरणाचे आकार काढा. एनर्जी सिलेक्ट कमिटीही बिलांच्या विषयावर बसलेलीच होती. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये रिन्यूएबल्स ऑब्लिगेशनचा (अपारंपरिक विजेला मदत करणाऱ्या जुन्या योजनेचा) घरगुती बिलावरचा ७५ टक्के भार तीन वर्षांसाठी सरकारी तिजोरीवर घेतला आणि ईसीओ बंद करायचं ठरलं. सरासरी घराचे वर्षाला दीडशे पौंड वाचतील असं सांगितलं गेलं. कुणाच्या म्हणण्यामुळे झालं हे मी छातीठोक सांगणार नाही, पण याचा एक परिणाम असा की जो पैसा आजवर बिलात लपलेला होता तो आता खात्याच्या खर्चाच्या मागणीत येतो, म्हणजे तुम्ही म्हणता तसं त्यावर संसदेची मंजुरी लागते. फक्त त्यात फार आनंद मानू नका, खर्चाच्या मागण्या इथे कॉमन्समध्ये बहुतेक वेळा जवळपास चर्चेविनाच पास होतात. ते सुधारायला हवं, आणि तिथे खासदारांना दोष द्यायला मी तयार आहे. शेकडो पानांचे आकडे वाचायला त्यांच्याकडे माणसंच नसतात, ही सबब मला मान्य नाही, नॅशनल ऑडिट ऑफिस मदत करायला बसलेलं आहे.

थेम्सपार
सगळं वाचलं, फार चांगली चर्चा. एक राहिलं, सभागृह अगदीच निकामी नाही. १९ ऑक्टोबर २०२२ आठवा, फ्रॅकिंगवरचा (खडक फोडून जमिनीतून वायू काढण्यावरचा) विरोधकांचा ठराव. सरकार मतदान जिंकलं, पण त्या मतदानात इतका गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला आणि आठवडाभरात नव्या पंतप्रधानांनी फ्रॅकिंगवरची बंदी परत आणली. कारणं अजून बरीच होती मान्य, पण एनर्जीच्या प्रश्नावर खासदारांना स्वतःच्या मतदारसंघाला तोंड द्यायचं असतं तेव्हा व्हिपचं चालत नाही हे त्या रात्री दिसलं.

मिडलँड्सकर
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. ९८ टक्के वाचून बायको म्हणाली म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं तर, इतके दिवस आम्ही खिडक्या उघडतो की नाही यावरून एकमेकांवर वैतागत होतो. आता दोन प्रश्न. कमिटीला मी स्वतः लिहू का? आणि खासदारांकडून नेमकं काय मागू? सात_समुद्र ताई, तुम्हीही बघा.

वेस्टमिन्स्टर_वाचक
लिहा, पण काय लिहायचं ते समजून. कमिटी कुणाचीही वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, तसं त्यांच्या नियमातच आहे, त्यामुळे "माझी भिंत दुरुस्त करा" असं लिहिलंत तर आभाराचं पत्र येईल. कुठली चौकशी चालू आहे, तिची प्रश्नावली काय आणि मुदत केव्हाची हे वेबसाइटवर बघा आणि त्या प्रश्नांना धरून लिहा: काम कुणी तपासलं, तपासणीला माणूस प्रत्यक्ष घरी आला की फोटोवर झालं, गॅरंटीचा कागद दिला का, तक्रार कुठून कुठे फिरली. कंपनीवर आरोप नकोत, घटनाक्रम तारखांसह द्या. आधी कुठे प्रसिद्ध केलेला मजकूर ते घेत नाहीत, त्यामुळे हाच धागा कॉपी करून पाठवू नका. नाव गुप्त ठेवायचं असेल तर पाठवतानाच सांगायचं. एकदा त्यांनी पुरावा म्हणून स्वीकारलं की तो कमिटीचा कागद होतो आणि त्याला संसदेचं संरक्षण मिळतं, मंत्री समोर बसल्यावर तोच कागद हातात धरून प्रश्न विचारला जातो. सामान्य माणसाने लिहिलेले दोन पानी अनुभव अहवालात जसेच्या तसे आलेले मी अनेकदा वाचलेत.

घराच्या दुरुस्तीसाठी वाट वेगळी. बाहेरून इन्सुलेशन केलेली सगळी घरं तपासून देऊ आणि त्याचे पैसे घरमालकाला पडणार नाहीत असं सरकारने सांगितलंय, तुम्हाला तपासणीचं पत्र आलं नसेल तर ऑफगेमकडे चौकशी करा आणि गॅरंटी ज्या संस्थेची आहे तिला लेखी कळवा. सगळं लेखी, फोनवर काही नको.

हिशेबतपासनीस
आणि खासदारांकडून सहानुभूतीचं पत्र न मागता लेखी प्रश्न मागा. खासदाराने लेखी प्रश्न टाकला की मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, ते कायमचं रेकॉर्डवर जातं. लोकलेखा समितीच्या प्रत्येक शिफारशीला सरकार ट्रेझरी मिनिट्स नावाच्या कागदात उत्तर देतं, मान्य की अमान्य, आणि मान्य असेल तर कधीपर्यंत करणार ती तारीख. ती तारीख शोधा आणि प्रश्न तिला बांधा. मसुदा देतो: "ईसीओ४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीममध्ये बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी आमच्या मतदारसंघातली किती घरं आजवर तपासली, किती घरांत दोष आढळले, किती घरांची दुरुस्ती पूर्ण झाली आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार?" चारही आकडे वेगवेगळे मागा. नुसतं "किती दुरुस्त झाली" विचारलं तर टक्केवारीत उत्तर येतं आणि कशाची टक्केवारी ते कळत नाही.

सात_समुद्र
हाच मसुदा इंग्रजीत करून मी पण पाठवला तर चालेल ना? आमचा मतदारसंघ वेगळा आहे, पण मिडलँड्सकरांचे खासदार जास्त ऐकणारे दिसतायत, त्यांनाच लिहू का?

वेस्टमिन्स्टर_वाचक
नको ताई, तुमच्याच खासदारांना लिहा. दुसऱ्या मतदारसंघातल्या माणसाचं काम खासदार हातात घेत नाहीत, तसा पाळलेला संकेत आहे. पत्रात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाका, नाहीतर ऑफिसवाले आधी तोच विचारतात. आणि तिन्ही घरांनी वेगवेगळी पत्रं पाठवा, एका पत्रावर तीन सह्या केल्यात तर त्यांच्या रजिस्टरला एकच केस म्हणून जाऊ शकते.